लंडनच्या ७६ हजार मुलांचे वर्गफोटो आर्ट गॅलरीच्या भिंतीवर का लागले?

शाळेत वर्षातून एकदा वर्गाचा फोटो निघतो. उंच मुलं मागे बाकावर उभी, मधली रांग खुर्च्यांवर, पुढची रांग मांडी घालून आणि कडेला वर्गशिक्षिका. त्या दिवशी त्या फोटोची कुणालाच फारशी किंमत नसते. वीस वर्षांनी कुणीतरी तो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतं आणि मग रात्री उशिरापर्यंत ‘मागून दुसरा कोण रे?’ हा एकच विषय चालतो.

नोव्हेंबर २०१९ मध्ये लंडनच्या टेट ब्रिटन या नामांकित कलादालनाने असे ३,१२८ वर्गफोटो भिंतीवर लावले. त्यांत १,५०४ शाळांमधली ७६,१४६ मुलं होती. सगळी सात-आठ वर्षांची. कलाकृतीचं नाव होतं ‘इयर थ्री’, म्हणजे आपल्याकडची साधारण दुसरी-तिसरी. कलाकार होते स्टीव्ह मॅक्वीन.

एवढ्या मोठ्या आणि मानाच्या गॅलरीने लाखो पौंडांची चित्रं सोडून शाळेचे ग्रुप फोटो का लावले? आणि मुलांना गॅलरीत आणण्यासाठी जगभरातली कलादालनं एवढा खटाटोप का करतात?

कोण हे मॅक्वीन?

स्टीव्ह मॅक्वीन यांचा जन्म १९६९ चा, लंडनमधला. आईवडील कॅरेबियन बेटांवरून आलेले. १९९९ मध्ये त्यांना ब्रिटनमधला टर्नर पुरस्कार मिळाला. पुढे ते सिनेमाकडे वळले आणि त्यांच्या ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ या चित्रपटाला २०१४ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. आपल्याकडे बहुतेकांना ते याच सिनेमामुळे माहीत आहेत.

त्यांचा शाळेचा अनुभव मात्र फारसा चांगला नव्हता. त्यांना डिस्लेक्सिया होता. माध्यमिक शाळेत त्यांची रवानगी ‘ही मुलं अंगमेहनतीची कामं करतील’ असं गृहीत धरलेल्या तुकडीत झाली होती, हे त्यांनी मुलाखतींमध्ये सांगितलं आहे. पण त्याआधी, साधारण आठ वर्षांचे असताना, ते शाळेच्या सहलीबरोबर टेटमध्ये गेले होते. जगात काहीही शक्य आहे ही जाणीव तिथे झाली, असंही त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे स्वतःच्या इयर थ्रीचा, १९७७ मधला वर्गफोटो होता. ‘इयर थ्री’ची कल्पना तिथून आली.

सात-आठ हे वय त्यांनी मुद्दाम निवडलं. या वयापर्यंत मुलाचं जग म्हणजे घर. त्यानंतर त्याला कळायला लागतं की घराबाहेर बरेच लोक आहेत, ते आपल्यासारखे नाहीत आणि त्यांच्यातही आपली कुठेतरी जागा आहे. कोण गोरा, कोण काळा, कुणाच्या घरी गाडी आहे, कुणाचे आईवडील वेगळ्या भाषेत बोलतात, हे याच सुमाराला दिसायला लागतं. कुणी सांगितलं नाही तरी.

फोटो काढले कसे?

प्रकल्प जाहीर झाला सप्टेंबर २०१८ मध्ये. लंडनमधल्या प्रत्येक प्राथमिक शाळेला निमंत्रण होतं. सरकारी शाळा, खासगी शाळा, धार्मिक संस्थांच्या शाळा, विशेष मुलांच्या शाळा, नेहमीच्या शाळेतून काढून टाकलेल्या मुलांसाठीची केंद्रं, इतकंच काय, घरीच शिकणारी मुलंसुद्धा त्यात होती. शहरातल्या त्या इयत्तेच्या सुमारे दोन तृतीयांश मुलांपर्यंत हे काम पोहोचलं.

एवढ्या शाळांमध्ये मॅक्वीन स्वतः जाणं अशक्यच होतं. टेटने छायाचित्रकारांची एक तुकडी खास तयार केली आणि वर्षभर ती शाळाशाळांतून फिरली. फोटोची मांडणी ठरलेली, आपण सगळ्यांनी पाहिलेली. रांगा, बाकं, शिक्षक. त्यात ‘कलात्मक’ असं काहीही नाही. प्रकाशाचे खेळ नाहीत, विचित्र कोन नाहीत. शाळेत दरवर्षी येणारा फोटोवालाही असाच फोटो काढतो.

टेटबरोबर दोन संस्था होत्या. आर्टएंजल ही संस्था गॅलरीच्या बाहेर, शहरात कुठेही कलाप्रकल्प उभे करते. अ न्यू डायरेक्शन ही संस्था लंडनमधल्या मुलांच्या कलाशिक्षणावर काम करते. त्यामुळे फोटो काढून मंडळी निघून गेली असं झालं नाही. आपण कोण आहोत, कुठले आहोत, पुढे काय व्हायचंय, अशा विषयांवर वर्गात बोलण्यासाठी शिक्षकांना साहित्य देण्यात आलं. हा भाग बातम्यांमध्ये फारसा आला नाही, पण शाळांच्या दृष्टीने खरं काम तेच होतं. फोटो काढायला काही मिनिटं पुरतात. ‘आपल्या वर्गात कोण कोण आहे?’ या प्रश्नावर मुलं तासभर बोलू शकतात.

मग पुढे काय झालं?

आधी फोटो रस्त्यावर आले. नोव्हेंबर २०१९ मध्ये दोन आठवडे लंडनच्या सर्व ३३ प्रशासकीय विभागांमध्ये, ६०० पेक्षा जास्त जाहिरात फलकांवर हे वर्गफोटो झळकले. भुयारी रेल्वेची स्टेशनं, बसचे रस्ते, नाके. जिथे एरवी मोबाइल आणि शाम्पूच्या जाहिराती असतात, तिथे अचानक सात वर्षांची दात पडलेली मुलं हसत होती. खाली विकायला काहीच नव्हतं.

१२ नोव्हेंबरपासून टेट ब्रिटनमध्ये प्रदर्शन सुरू झालं. जागा होती ड्युवीन दालनं, म्हणजे इमारतीच्या मधोमध असलेले उंच, लांबलचक, दगडी हॉल. तिथे एरवी मोठमोठी शिल्पं असतात. त्या भिंतींवर खालपासून वरपर्यंत, ओळीने, एकाला एक लागून फोटो. प्रवेश मोफत.

आणि मग सहली सुरू झाल्या. वर्गच्या वर्ग आपला फोटो शोधायला येऊ लागले. तीन हजार फोटोंमध्ये स्वतःला शोधायचं म्हणजे बाकीच्या हजारो मुलांकडे बघावंच लागतं. ही या मांडणीतली खरी गंमत. मूल येतं स्वतःसाठी आणि बघून जातं सगळं शहर. काही फोटोंत तीसेक मुलं, काहींत मोजकीच. कुठे सगळ्यांना ब्लेझर आणि टाय, कुठे साधे स्वेटर. कुठे चाकाच्या खुर्चीवरची मुलं. एका शहरात राहणाऱ्या, एकाच वयाच्या मुलांमधला फरक कुणी भाषण करून सांगितलेला नव्हता. भिंतीवर तो दिसत होता.

गॅलरीत शांत राहायचं, बोट लावायचं नाही, पळायचं नाही, हे नियम जगभर सारखेच आहेत. पण ‘तो बघ मी!’ हे कुजबुजत म्हणता येत नाही.

पण गॅलरीला मुलं कशाला हवीत?

याची कारणं एकाहून जास्त आहेत आणि सगळीच उदात्त नाहीत.

पहिलं कारण पैशाचं. ब्रिटनमधली मोठी राष्ट्रीय संग्रहालयं आणि कलादालनं लोकांच्या करातून चालतात. २००१ च्या डिसेंबरपासून त्यांच्या कायमस्वरूपी संग्रहाला प्रवेश मोफत आहे. पैसा सगळ्यांचा आणि येणारे मात्र ठरावीक घरांतले, हे फार काळ चालत नाही. कुणीतरी हिशोब विचारतोच.

दुसरं कारण शाळांचं. इंग्लंडमध्ये २०१० नंतर शाळांची कामगिरी मोजण्यासाठी मुख्य विषयांचा जो संच ठरवण्यात आला, त्यात कलाविषय नव्हते. जे मोजलं जात नाही ते वेळापत्रकातून बाहेर पडतं, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. कलेचे विषय घेऊन परीक्षेला बसणाऱ्या मुलांची संख्या घटत गेली. ज्यांच्या घरी पैसे आहेत त्यांनी खासगी शिकवण्या लावल्या. बाकीच्यांचं काय, हा प्रश्न उरला आणि तो गॅलऱ्यांच्या दारात आला.

तिसरं कारण साधं आहे, पण ते जाहिरात पत्रकात लिहीत नाहीत. लहानपणी जो गॅलरीत गेला नाही, तो मोठेपणी जाईल याची खात्री नसते. त्याला कुणी अडवत नाही. दरवाजा उघडा असतो, तिकीटही नसतं. तरी आत गेल्यावर ‘आपण इथले नाही’ असं वाटत राहतं. मुंबईत काळा घोड्याजवळच्या जहांगीर आर्ट गॅलरीसमोरून रोज हजारो लोक जातात. १९५२ पासून ती उघडी आहे, आत जायला पैसे पडत नाहीत. तरी ‘आत जाऊ का?’ म्हणून पायरीवर थबकणारे कमी नाहीत.

ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९३७ मध्ये व्हिक्टर डी’अमिको या कलाशिक्षकाच्या हाती शिक्षणाचं काम दिलं. त्यांनी १९४२ मध्ये मुलांसाठी एक कलामेळा सुरू केला. त्याचं प्रवेशद्वार लहान मुलांच्या आकाराचं होतं, म्हणजे मोठ्यांना आत शिरताच येऊ नये! आईवडिलांनी बाहेरूनच डोकवायचं. आत एका खोलीत रंग, आकार आणि हालचाल यांच्याशी खेळायची खेळणी, आणि त्यानंतरच्या खोलीत रंग, कागद, माती. आधी डोळे आणि हात मोकळे होऊ द्या, मग काम करायला बसवा, असा तो क्रम. ‘असं काढ, तसं रंगव’ म्हणणारं कुणी नाही. डी’अमिकोंना मुलांच्या चित्रकला स्पर्धा आणि नकला उतरवून घेणं पसंत नव्हतं. हा मेळा पुढे युरोपात गेला आणि १९६३ मध्ये भारतातही, दिल्लीत आला.

स्टॉकहोममध्ये १९६८ साली तर कमालच झाली. पाले नील्सन या डॅनिश कलाकाराने मॉडर्ना म्युझेट हे संग्रहालय तीन आठवड्यांसाठी चक्क खेळाचं मैदान करून टाकलं. उड्या मारायला फोमचा मोठा हौद, हातोड्या, करवती, रंग, नाटकाचे कपडे, मुखवटे, गाणी लावायला यंत्रं. मुलांना प्रवेश फुकट, मोठ्यांना तिकीट. सुमारे ३५ हजार लोक आले, त्यातली २० हजार मुलं. नील्सन यांचं म्हणणं असं होतं की इथे प्रदर्शनात ठेवलेली वस्तू कुठलीच नाही, मुलं जे करतात तेच बघण्यासारखं आहे. आजच्या कुठल्याही बालसंग्रहालयात जाऊन ‘हात लावून बघा’ अशी पाटी दिसली, तर तिचे पूर्वज इथे सापडतात.

लहान मुलं येतात, मग तरुण का गायब होतात?

लहान मुलांना आणणं तुलनेने सोपं असतं. शाळा आणते, बस येते, डबा बरोबर असतो. खरी अडचण पंधराव्या वर्षानंतर सुरू होते. या वयात कुणी कुठे ‘नेत’ नाही, स्वतःहून जावं लागतं.

टेटच्या लिव्हरपूल शाखेने १९९४ मध्ये यावर एक उपाय काढला. तरुणांचा एक गट नेमला, नाव ‘यंग टेट’. तरुणांसाठी काय करायचं हे तरुणांनीच ठरवायचं. कार्यक्रम त्यांनी आखायचे, त्यांच्या वयाच्या मुलांना त्यांनीच बोलवायचं. पुढे अनेक दालनांनी हीच पद्धत उचलली. त्याचा सगळ्यात मोठा प्रयोग म्हणजे ‘सर्किट’. २०१३ ते २०१७ अशी चार वर्षं, वयोगट १५ ते २५, पॉल हॅम्लिन फाउंडेशनचे ५० लाख पौंड, टेटच्या शाखा आणि इंग्लंड-वेल्समधली आणखी काही दालनं. तरुणांनी संगीताच्या रात्री भरवल्या, गॅलरीच्या भिंतींवर स्वतःच्या कल्पना मांडल्या, महोत्सव उभे केले.

यश मिळालं, पण एक गोष्ट टोचत राहिली. स्वतःहून गॅलरीच्या गटात नाव देणारे तरुण कोण असतात? बहुतेक वेळा ज्यांना आधीपासूनच कलेची आवड आहे, जे कलाशाखेत शिकतात, ज्यांच्या घरी हे वातावरण आहे. म्हणजे दार उघडलं खरं, पण आत आले ते दाराशी उभे असलेलेच. ज्यांच्यासाठी एवढा पैसा आला होता, ती मुलं अजून वस्तीतल्या युवक केंद्रातच बसलेली होती.

म्हणून सर्किटने युवक केंद्रांशी भागीदारी केली. तिथे वेगळीच गाठ पडली. वस्तीत काम करणारा कार्यकर्ता एका मुलाचा विश्वास मिळवायला महिने घालवतो. गॅलरीला पुढच्या महिन्यात कार्यक्रम आणि फोटो हवे असतात. कार्यकर्त्याला वाटतं, या लोकांना आमची मुलं फक्त अहवालात दाखवायला हवीत. गॅलरीला वाटतं, ही मंडळी वेळेवर येतच नाहीत. दोघांचंही थोडंथोडं खरं असतं. त्यात युवक केंद्रांचा सरकारी निधी त्याच काळात कापला जात होता, म्हणजे ज्यांच्याशी हात मिळवायचा तेच गळपटलेले.

प्रवासाचं भाडं हाही एक मोठा, पण कुणी न बोललेला मुद्दा. मोफत प्रवेश असलेल्या ठिकाणी पोहोचायला पैसे लागतात. शिवाय शनिवारी अर्धवेळ नोकरी करणाऱ्या मुलाला ‘शनिवारी कार्यशाळेला ये’ म्हणणं म्हणजे त्याला त्या दिवसाची मजुरी सोडायला सांगणं. काही दालनं आता तरुणांना कामाचं मानधन देतात, ते यातूनच शिकून.

टेटने २०१८ मध्ये आणखी एक सोपी वाट काढली. १६ ते २५ वयाच्या कुणालाही मोफत सदस्यत्व आणि एरवी महाग असलेल्या प्रदर्शनांचं तिकीट ५ पौंडांत, शिवाय मित्रांनाही बरोबर आणता येईल. त्यासाठी ना कार्यशाळा, ना गट, ना अर्ज. यात ‘शिक्षण’ कुठे आहे असं कुणी म्हणेल. पण मित्रांबरोबर, कुणी न शिकवता, नुसतं भटकायला मिळणं ही या वयाची मोठी गरज असते.

आपल्याकडे काय चित्र आहे?

मराठी शाळेत वाढलेल्या माणसाला कलाशिक्षण म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. एक, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि त्या ग्रेडवर दहावीला मिळणारे वाढीव गुण. दोन, चित्रकला स्पर्धा. दिल्लीतली शंकर्स बालचित्रकला स्पर्धा १९४९ पासून आहे आणि गल्लोगल्लीच्या गणेशोत्सवातल्या स्पर्धांची तर गणतीच नाही. या परीक्षांनी अनेक पिढ्यांचा हात तयार केला, यात वाद नाही. पण चित्र काढणं आणि चित्र बघणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी आपल्या वेळापत्रकात तास नाही.

काही प्रयत्न मात्र ठळक आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस सुरू केली. मुलांना संग्रहालयात येणं जमत नसेल तर संग्रहालयच शाळेच्या मैदानात न्यायचं, असा सरळ विचार. बसमधलं पहिलं प्रदर्शन हडप्पा संस्कृतीवर होतं. याच संग्रहालयाच्या आवारात २०१९ मध्ये मुलांसाठी वेगळं बालसंग्रहालय सुरू झालं.

केरळमध्ये कोची बिएनालेने २०१४ पासून विद्यार्थ्यांची स्वतंत्र बिएनाले सुरू केली. देशभरातल्या सरकारी कला महाविद्यालयांतल्या, मोठ्या गॅलऱ्यांपर्यंत एरवी न पोहोचणाऱ्या मुलांचं काम त्यात लागतं. शाळकरी मुलांसाठीही तिथे वेगळा उपक्रम चालतो.

तरी अजून आपल्याकडची बहुतेक शाळेची सहल संग्रहालयात जाते ती अशी: रांग करा, हात मागे, पुढे चला, बाहेर डबे खायचे आहेत. भायखळ्याला राणीच्या बागेत जाताना वाटेत भाऊ दाजी लाड संग्रहालय ‘करून घ्यायचं’. मुलांना लक्षात राहतात ते प्राणी. दोष मुलांचा नाही, आणि साठ मुलं सांभाळणाऱ्या बाईंचा तर नाहीच. तिथे थांबायचं कशासमोर आणि का, हे ठरवायला दोन्ही बाजूंनी आधी कुणी बसलेलंच नसतं. ‘इयर थ्री’मध्ये वर्गाने गॅलरीत पाय ठेवण्याच्या वर्षभर आधीपासून शाळेत काम सुरू होतं.

त्या ७६ हजार मुलांचं पुढे काय?

‘इयर थ्री’ प्रदर्शन मे २०२० मध्ये संपणार होतं. मार्चमध्ये कोविडमुळे सगळं बंद झालं. शाळाही बंद, गॅलरीही बंद. खांद्याला खांदा लावून बसलेल्या मुलांचे ते फोटो रिकाम्या हॉलमध्ये तसेच राहिले, आणि ज्या वर्गांची सहल पुढे ठरलेली होती ती हुकली. प्रदर्शनाची मुदत मग जानेवारी २०२१ पर्यंत वाढवण्यात आली, पण त्या हिवाळ्यात लंडन पुन्हा बंद झालं.

फोटोतली बहुतेक मुलं सप्टेंबर २०१० ते ऑगस्ट २०११ या काळात जन्मलेली. म्हणजे सप्टेंबर २०२६ पासून त्यातली एकेक सोळा वर्षांची व्हायला लागतात. टेटची योजना तोवर तशीच राहिली, तर ५ पौंडांच्या तिकिटावर तीही आत जाऊ शकतील, या वेळी शाळेची बस न घेता.